झाकणावरचं नाव आणि आतलं यंत्र

जुना प्लेअर पियानो, म्हणजे कागदी रोलवरून आपोआप वाजणारा पियानो, दुरुस्तीला घेणारा नवखा माणूस झाकणावरचं सोनेरी नाव वाचतो, त्याच कंपनीचे सुटे भाग शोधायला निघतो आणि तिथेच फसतो. अमेरिकेत १९२३ च्या सुमारास बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक प्लेअर पियानो होते; पण वाजवणारं यंत्र अनेक कंपन्या स्वतः बनवत नसत. ‘स्टँडर्ड न्यूमॅटिक अ‍ॅक्शन’सारख्या कारखान्यातून ते तयार यायचं आणि कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या पियानोंत बसायचं. म्हणून आधी झाकण काढून, झडपांची ठेवण आणि नळ्यांची मांडणी पाहून आतलं यंत्र कुणाचं हे ठरवावं लागतं.

हे यंत्र हवेच्या ओढीवर चालतं. आपल्या पेटीचा भाता हवा दाबून सुरांतून बाहेर सोडतो. इथे पायाखालचे भाते हवा खेचून घेतात. भोकं पाडलेला कागदी रोल पितळी पट्टीवरून सरकतो. १९०८ साली बफेलोला कारखानदारांची बैठक झाली आणि इंचाला नऊ भोकं, ८८ सूर हे माप सर्वमान्य झालं. कागदाचं भोक पट्टीच्या भोकावर आलं की बाहेरची हवा नळीतून आत शिरते, कातड्याचा नाजूक पडदा उचलते, त्यावरची झडप सरकते आणि त्या सुराचा छोटा भाता मिटताना हातोडीला ढकलतो.

कापड, कातडं, रबर हा माल कधीतरी झिजणारच होता आणि तो आजही मिळतो. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात ड्युरेल आर्मस्ट्राँग यांनी ‘प्लेअर पियानो कंपनी’ काढून असा माल घरोघरच्या हौशी कारागिरांपर्यंत पोचवला, हे फार मोठं काम होतं. तरीही निवड डोळसपणेच करावी लागते. भात्याचं रबर चढवलेलं सुती कापड जरा जाड निघालं तर भाता आळसावतो आणि एकच सूर भराभर वाजेनासा होतो. जुनं कापड खरवडण्याआधी प्रत्येक भाता किती उघडतो ते मोजून त्यावर क्रमांक घालावा. एक भाता तर जुन्या कापडासकट तसाच राखून ठेवावा. मापाबद्दल शंका आली की तोच साक्षीदार.

खरी पंचाईत धातूच्या भागांची. त्या काळी जस्ताच्या मिश्रधातूचे भाग साच्यात ओतत. जस्तात शिशाचा अंश राहिला की धातू आतून पोखरला जातो: आधी फुगतो, मग वाकतो, बारीक चिरा पडतात. स्क्रू फिरवायला जावं तर अख्खा भाग बोटांत चुरा होतो. तो चुरा फेकू नये. तुकडे जुळवून, फुगवटा वजा करून माप काढायचं आणि पितळेत किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये नवं ओतकाम करून घ्यायचं. नाहीतर त्याच यंत्राचा दुसरा मोडका पियानो शोधायचा. पण रेडिओ आला, १९२९ ची मंदी आली. पुढे अनेकांनी आतलं यंत्र उपसून फेकलं आणि साधा पियानो तेवढा ठेवला. त्यामुळे हा शोध लांबतो. शिवाय मिळालेल्या भागाचा धातूही तितकाच जुना असतो, म्हणून भिंगाखाली चिरा तपासल्याशिवाय तो बसवू नये.

सर्वांत जास्त नुकसान मात्र आधीच्या दुरुस्त्यांनी केलेलं दिसतं. मूळ कारागीर गरम सरस वापरत; तो ऊब आणि ओल देऊन सुटतो. मधल्या काळात कुणी आधुनिक गोंद लावला असेल तर कापडाबरोबर लाकडाचे ढलपे निघतात. मग बाजारात मिळणारं कापड हाताशी असूनही जिच्यावर ते चिकटवायचं ती फळीच नव्याने कापावी लागते.