विंडोजचे जुने खेळ, लिनक्सच्या आश्रयाला
'एज ऑफ एम्पायर्स' हा खेळ 1997 साली आला. त्याची जुनी सीडी विंडोज 7 वर चालवणाऱ्यांना एक विचित्र अनुभव यायचा: गवत जांभळं, पाणी लाल! खेळ एका वेळी फक्त 256 रंग वापरतो. त्या रंगांच्या तक्त्यात विंडोजचा स्वतःचाच एक्सप्लोरर ढवळाढवळ करत असे. म्हणजे जुना खेळ आपल्याच घरात परका झाला होता.

असे कितीतरी खेळ आज लिनक्सवर चालतात ते 'वाइन' या सॉफ्टवेअरमुळे. ते बनवण्याचं काम 1993 मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर ज्युलियार यांनी त्याची धुरा घेतली, आणि पहिली पक्की आवृत्ती यायला 2008 उजाडलं. पंधरा वर्षं चिकाटीने केलेल्या या कामाचं मोल मला फार मोठं वाटतं.

खेळाच्या ईएक्सई फाइलमधल्या सूचना प्रोसेसरला थेट कळतात, मग संगणकावर विंडोज असो वा लिनक्स. अडतं ते खेळ विंडोजकडे काही मागतो तेव्हा: खिडकी उघड, फाइल वाच, आवाज काढ. वाइनच्या मंडळींनी अशा मागण्या पुरवणारी फंक्शन्स विंडोजचा मूळ कोड न पाहता नव्याने लिहिली. नकली संगणक उभा करावा लागत नसल्यामुळे वेगही फारसा घटत नाही.

यातली कसरत फाइलच्या नावातही दिसते. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांतला फरक विंडोज मानत नाही. लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. खेळाने कॅपिटल अक्षरांत नाव मागितलं आणि डिस्कवर ते स्मॉलमध्ये असलं, तर वाइन अख्खा फोल्डर चाळून जुळणारी फाइल शोधतं.

नव्वदच्या दशकातल्या अनेक खेळांचे इन्स्टॉलर 16 बिटचे होते. 64 बिटचं विंडोज ते उघडतच नाही, पण 64 बिटच्या लिनक्सवर वाइन ते चालवू शकतं. त्रिमितीय खेळांच्या, विंडोजपुरत्या असलेल्या डायरेक्ट थ्रीडी आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या ओपनजीएल किंवा व्हल्कनमध्ये बदलून दिल्या जातात. 2018 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइनवरच आधारलेलं 'प्रोटॉन' आणलं, त्यामुळे 'स्टीम' या तिच्या ऑनलाइन दुकानातले हजारो खेळ लिनक्सवर खुले झाले.

सगळंच चालतं असं नाही. फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळ अजून दाद देत नाहीत. एकट्याने खेळायच्या जुन्या खेळांच्या बाबतीत मात्र आशा बरीच आहे.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 न पेलणारा संगणक घरात पडून असेल तर तो भंगारात घालू नका. त्यावर लिनक्स टाका, आणि जुन्या सीडी खराब होण्याआधी त्यांची प्रत करून ठेवा.