पळून वय कमी होतं का?

“पळायला लागल्यापासून पाळीची कटकटच गेली बघ, चार महिने झाले!” मॅरेथॉनची तयारी करणारी हॉस्टेलवरची मैत्रीण खुशीत सांगत होती. आम्हाला तिचा हेवाच वाटला. वर कुणीतरी ज्ञान दिलं, ‘व्यायाम करणाऱ्या बाईला चाळिशीतही मूल व्हायला अडचण येत नाही.’ या दोन्ही गोष्टींत घोटाळा आहे.

आधी वयाचं बघू. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या अंडाशयांत 60-70 लाख स्त्रीबीजं असतात. जन्मावेळी 10-20 लाख, वयात येताना 3-4 लाख. त्यातली जेमतेम 400-500 बाहेर पडतात, बाकीची जागच्या जागी मरतात.

पण खरी गोम संख्येपेक्षा दर्जात आहे. स्त्रीबीज जन्माआधीच विभाजन सुरू करतं आणि अर्ध्यावर थांबतं. पुढचं पाऊल टाकतं ते थेट बाहेर पडायच्या वेळी, म्हणजे 20 किंवा 40 वर्षांनी! तोवर गुणसूत्रं कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेली असतात. मेकॅनिकलवाल्यांना लगेच कळेल: पाकिटातून न काढलेली रबरी ओ-रिंगसुद्धा काही वर्षांनी कडक होतेच ना? तसं हे कोहेसिन वयानुसार कमी होत जातं. मग गुणसूत्रांची वाटणी चुकते, एखादं जास्त जातं, एखादं कमी. अशा बीजातून बहुतेकदा गर्भ राहत नाही किंवा पडतो. 21 व्या गुणसूत्राची जादा प्रत आली तर डाउन सिंड्रोम. आईच्या पंचविशीत ही शक्यता साधारण 1250 त 1, चाळिशीत 100 त 1. व्यायामाने स्नायूंतले मायटोकाँड्रिया वाढतात हे खरं, पण पळून या कड्या नव्या होत नाहीत.

मग व्यायामाचा संबंध कुठे येतो? सिग्नलमध्ये. पाळीनंतरच्या दिवसांत मेंदूतला हायपोथॅलॅमस दर 60 ते 90 मिनिटांनी जीएनआरएच हार्मोनचा एक पल्स सोडतो. त्यावर पिट्यूटरी ग्रंथी चालते आणि तिच्या हुकमावर अंडाशय. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, इथे डीसी चालत नाही. हेच हार्मोन सतत दिलं तर ग्रंथी उलट गप्प होते!) पळण्यात जळलेलं खाण्यातून भरून निघालं नाही, की हा पल्स मंदावतो. ओहायो विद्यापीठाच्या अ‍ॅन लाउक्स यांनी 2003 साली दाखवलं, की व्यायामाचा खर्च वजा जाता चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज 30 किलोकॅलरींपेक्षा कमी उरल्या, तर तरुण मुलींमध्ये पाचच दिवसांत पिट्यूटरीचे पल्स बिघडतात. म्हणजे दोष पळण्याचा नाही, तुटीचा आहे. स्त्रीबीजं त्यात वाचतबिचत नाहीत. उलट इस्ट्रोजेन घटून हाडं मात्र ठिसूळ होतात, तीही हाडं भरायच्या वयात.

पीसीओएस असलेल्या मुलींचं गणित वेगळं. रक्तात इन्सुलिन जास्त झालं, की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं. व्यायामाने स्नायू कमी इन्सुलिनमध्येही साखर उचलतात, आणि काहीजणींची पाळी त्यामुळेच मार्गी लागते.

आमच्या मैत्रिणीला शेवटी डॉक्टरांकडे ओढून नेलं. बाकीची कारणं तपासून झाल्यावर त्यांनी पळणं थोडं कमी आणि खाणं बरंच वाढवायला सांगितलं. मेसमधली तिसरी पोळी ती आता परत करत नाही.