टाकीत उतरू नका, उतरवू देऊ नका

सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली की नाक्यावर निरोप येतो. तासाभराचे काम, रोख पैसे. आपली माणसे या कामाला हौसेने जात नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून कायद्याआधी टाकीतल्या वायूविषयी सांगतो.

बंद टाकीत मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. "वास गेला, आता उतरू" असे वाटते तीच वेळ सर्वांत धोक्याची असू शकते. वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. दोन-चार श्वासांत धडधाकट माणूस कोसळतो. सोबत मिथेनही असतो, म्हणून काडी पेटवून पाहू नका, भडका उडेल. झाकणाजवळ झुरळे जिवंत दिसली तरी तळाची हवा ठीक आहे असे होत नाही. तोंडावरच्या रुमालाने वायू अडत नाही. आणि घाण सहन व्हावी म्हणून घोटभर घेऊन उतरणाऱ्याला चक्कर आलेलीही लवकर कळत नाही.

एक कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. मागून जाऊ नका. वरून दोर असेल तर ओढा, 101 वर अग्निशमन दलाला आणि 108 वर रुग्णवाहिकेला फोन करा.

आता कायदा. 2013 च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यानुसार, सुरक्षेची साधने आणि खबरदारी न पुरवता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. साधने म्हणजे हातमोजे आणि गमबूट एवढेच नव्हे. श्वासासाठी बाहेरून हवा पुरवणारी नळी, वायू मोजणारे यंत्र, अंगाला बांधायचा पट्टा, हे सारे हवे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. "स्वतःच्या जबाबदारीवर उतरतो" असे मजुराने लिहून दिले म्हणून पाठवणारा सुटत नाही.

"सोसायटी खासगी आहे, सरकारचा काय संबंध?" असे सांगून घरच्यांना परत पाठवतात. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन मजूर गेले. त्यांच्या पत्नी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. 2021 मध्ये न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांना प्रत्येकीला 10 लाख द्यायला सांगितले. सरकारने ते जबाबदार असणाऱ्यांकडून नंतर वसूल करावेत. 10 लाखांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालातला. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने तो 30 लाख झाला. कायमचे अपंगत्व आले तर किमान 20 लाख, इतर अपंगत्वाला किमान 10 लाख.

हे पैसे कागदावर अडतात. "पाय घसरून पडला" एवढ्यावर नोंद होऊ देऊ नका. सफाईसाठी उतरला होता, कोणी बोलावले, कोणती साधने दिली नव्हती, हे एफआयआरमध्ये लिहून घ्या आणि 2013 च्या कायद्याचे कलम लावायला सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. शवविच्छेदनाचा अहवाल मागा आणि दोन्ही जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, पोच घ्या. अंत्यविधीच्या गडबडीत कंत्राटदार थोडी रोकड आणि कोरा कागद पुढे करील. सही करू नका. मयताचा मोबाइल जपून ठेवा, बोलावणाऱ्याचा नंबर त्यातच असतो.