दोन नावांचे चित्रगृह

यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांचे दिवस उगवतात आणि मावळतात, त्या लिंबायतमधील आम्हां मराठी कुटुंबांचा पुण्याशी संबंध तसा बेताचाच. आमची मुळे खानदेशात. पुण्यास जावयाचे ते एखाद्या लग्नकार्यानिमित्त. परंतु १९९१ साली 'माहेरची साडी' हा चित्रपट निघाला आणि घरातील स्त्रियांना पुण्यास जाण्याचे आणखी एक निमित्त सापडले. तो पाहावयाचा, आणि तोही 'प्रभात'मध्येच! सुरतेत साड्यांना काय तोटा? तरीही आमच्या मावशी त्या पडद्यावरच्या साडीपायी डोळे लाल करून परतल्या आणि पुढे आठ दिवस गल्लीत त्याच कथेचे पारायण चालले.

अप्पा बळवंत चौकातील या चित्रगृहाचा आरंभ १९३४ सालचा. वास्तू इंदूरच्या सरदार किबे घराण्याची, आणि नाव 'किबे लक्ष्मी'. महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या एका मराठी घराण्याची ही मालमत्ता पुण्याच्या ऐन पेठांत उभी आहे, याचे आम्हां परप्रांतस्थांना अंमळ अधिकच कौतुक! दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन केलेली 'प्रभात फिल्म कंपनी' १९३३ मध्ये पुण्यास आली होती. चित्रगृह भाडेपट्ट्याने प्रभातकडे आले आणि लोकांच्या तोंडी तेच नाव बसले. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' अशी एकाहून एक सरस चित्रे काढणाऱ्या संस्थेला पुण्यात हक्काचा पडदा लाभला.

आश्चर्य पुढेच आहे. १९४२ साली शांताराम बाहेर पडले, १९५३ मध्ये कंपनी मिटली, तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली. चित्रगृह मात्र त्यानंतर सहा दशके चालले. दामले कुटुंबाने ते सांभाळले आणि मराठी चित्रपटाला तेथे पंक्तीतले पहिले पान मांडले. ही गोष्ट किरकोळ नव्हे. १९७१ साली खुद्द मुंबईत, दादरच्या 'कोहिनूर'मध्ये दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला पडदा मिळावा म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले होते. 'प्रभात'च्या दारात मराठी निर्मात्याला अशी याचना करावी लागत नसे.

मग उतरती कळा लागली, ती एकट्या 'प्रभात'ला नव्हे. व्हिडिओने चित्रपट दिवाणखान्यात आणला, केबलने तो जवळजवळ फुकट केला. २००१ पासून महाराष्ट्र शासनाने बहुपडदा चित्रगृहांना करमणूक करात सवलत दिली. एकपडदा चित्रगृहवाला मात्र कर भरीत राहिला. नव्या चित्रगृहांच्या खुर्च्या मऊ आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेथे मराठी चित्रपटाला पुष्कळदा सकाळची अडनिडी वेळ मिळते, आणि प्रेक्षक जमेपर्यंत तो उतरलेलाही असतो. एकाच पडद्याच्या चित्रगृहात तीन, सहा, नऊ असे सारे खेळ एकाच चित्रपटाचे. आज जमले नाही तर उद्या, या आठवड्यात नाही तर पुढच्या. रजा काढून सुरतेहून जाणाऱ्या माणसाला या खात्रीचे मोल अधिक. मावशींना गाडीचे वेळापत्रक पाहावे लागे, चित्रपटाचे नव्हे.

डिसेंबर २०१४ मध्ये भाडेपट्ट्याची मुदत संपली आणि 'प्रभात'चा पडदा खाली आला. अखेरच्या दिवसांत पुणेकरांनी गर्दी करून निरोप दिला. आमच्या मनात एक कडू विचार येऊन गेला, की एरवीच्या मंगळवारी दुपारी यांतले कितीजण तिकीट काढीत होते? अर्थात हा प्रश्न आम्हांलाही लागू आहे. १९९१ नंतर आम्ही तरी तेथे किती वेळा गेलो?

पुढे वास्तूची डागडुजी होऊन चित्रगृह पुन्हा उघडले, ते 'किबे लक्ष्मी' या आपल्या मूळ नावाने. मध्यंतरी पुण्यास जाणे झाले तेव्हा मावशी बरोबर होत्या. आता त्यांना जिना चढवत नाही. स्वारगेटला रिक्षा केली आणि आम्ही मोठ्या जाणतेपणाने 'किबे लक्ष्मी' असे सांगितले. रिक्षावाल्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, मीटर पाडले आणि विचारले,

"म्हणजे प्रभातच ना?"

"हो, हो, प्रभातच," मागून मावशी म्हणाल्या.