मोटारीमागें घर : घाटाची वाट कशी निवडावी ?

उन्हाळा तापूं लागला कीं नागपूरकराचें मन पचमढीकडे धांव घेतें. मध्यप्रांताच्या काळांत तर नागपुरांतील सरकारच उन्हाळ्यांत पचमढीस जाऊन बसे. हल्लीं कांहीं हौशी कुटुंबें मोटारीमागें चाकांचें छोटें घर, म्हणजे कॅराव्हॅन, जोडून प्रवासास निघतात. अशांनीं नकाशावर जवळ दिसणाऱ्या वाटेस सहसा भुलूं नये.

कारण साधें आहे. मोटार व घर मिळून भार ३,००० किलो धरला, तर वीस हातांत एक हात चढणाऱ्या रस्त्यावर १५० किलोंचा जादा ओढा पडतो. दहा हातांत एक हात चढ असला, तर तोच ३०० किलो होतो. तरी चढ परवडला. इंजिन थकलें तर थांबून त्यास निवूं देतां येतें. उतारावर मात्र तोच भार मागून ढकलूं लागतो. ब्रेक सतत दाबून धरले तर ते तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वेळीं दगा देतात. म्हणून उतार लागण्यापूर्वींच गाडी खालच्या गिअरमध्यें घ्यावी. शिवाय अरुंद वळणावर मागचें घर मोटारीच्या चाकोरींतून न जातां आंतल्या अंगास सरकतें.

आतां पचमढीच्या दोन वाटा पाहूं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारें ३१० मीटर, तर पचमढी सुमारें १,०६७ मीटर उंच. जवळची वाट सौंसर, छिंदवाडा व तामियावरून जाते; अंतर सुमारें २५० किलोमीटर. या वाटेनें सिल्लेवानीचा घाट चढावा, तामियाची उंची गांठावी, आणि मग ती सारी कमाई देनवेच्या खोऱ्यांत उतरून घालवावी. तेथें मटकुलीस पोचतांच पचमढीचा घाट पुन्हां समोर उभा ! तामियाच्या उतारावर तापलेले ब्रेक निवण्यास फारसा अवधि मिळत नाहीं.

दुसरी वाट मुलताई, बैतूल, इटारसी व पिपरियावरून जाते. ती बरीच लांब आहे. बैतूलपुढें बरेठ्याचा घाट हिच्यांतही आहे आणि मटकुलीचा शेवटचा चढ हिलाही चुकत नाहीं. परंतु मध्यें इटारसीपासून पिपरियापर्यंत नर्मदाकांठची सपाट भूमि लागते. तेथें इंजिन निवतें, ब्रेक थंड होतात, आणि चालविणाराही चहा घेऊन ताजा होतो. पचमढीचें रेल्वे-स्टेशनही याच अंगास, पिपरियास आहे.

निघण्यापूर्वीं आणखी एक नियम ध्यानांत असावा. अरुंद घाटांत उतरणाऱ्यानें चढणाऱ्यास वाट द्यावयाची असते. मागें घर जोडलेली गाडी उलटी सरकविणें मोठें अवघड. म्हणून उतरतांना रुंद जागा दिसली कीं तेथेंच थांबून समोरच्यास जाऊं द्यावें. जड सामान घराच्या चाकांच्या आसाजवळ, तळाशीं व किंचित् पुढच्या बाजूस ठेवावें. मागें ठेवल्यास घर शेपटीसारखें हेलकावूं लागतें. घाट दिवसाउजेडीं उरकावा, आणि पावसाळ्यांत धुकें असतां तो टाळावा.

सारांश, ओझें ओढणाऱ्यानें केवळ मैल मोजूं नयेत; किती वेळां चढावें लागतें, किती वेळां उतरावें लागतें आणि मध्यें विसांवा कोठें मिळतो, तें मोजावें. लांबच्या वाटेनें चार तास अधिक गेले तरी चालतील. गाडींत बसलेलीं मुलेंमाणसें सुखरूप वर पोचलीं पाहिजेत.