फेरूनची कोणती पुस्तकं घ्यावीत? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘बाल्डर्स गेट 3’ हा व्हिडिओ गेम 2023 साली आला आणि त्यातून आलेले कितीतरी जण आता डंजन्स अँड ड्रॅगन्स टेबलावर, खऱ्या फाशांनी खेळायला बसतात. मित्रांच्या टोळक्यातल्या एकावर डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, व्हायची पाळी येते. गेममधलं शहर त्याला ओळखीचं असतं, पण ते शहर ज्या खंडात आहे त्या फेरूनवर, म्हणजे फरगॉटन रेल्म्स या सेटिंगवर, 1987 पासून पुस्तकं निघताहेत. घ्यायची कुठली, असं विचारलं की जुनेजाणते खेळाडू सल्ल्यांचा पाऊस पाडतात, आणि त्यातले बरेच सल्ले अर्धेच खरे असतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘नवीन आलंय ते घ्या, जुनी पुस्तकं बाद झाली.’ नियमांच्या पुस्तकांपुरतं हे ठीक आहे. सेटिंगच्या पुस्तकांना ते लागू होत नाही, कारण नवं पुस्तक जुन्याची जागा घेत नाही, ते त्याच जगातला पुढचा काळ सांगतं. एड ग्रीनवुड या कॅनडातल्या लेखकाने हे जग 1960 च्या दशकात, लहानपणी स्वतःच्या गोष्टींसाठी रचलं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ 1974 चा. म्हणजे जग खेळापेक्षा जुनं आहे, आणि त्याला स्वतःची कालगणना आहे. ग्रीनवुड आणि जेफ ग्रब यांचा टीएसआर कंपनीने 1987 मध्ये काढलेला पहिला राखाडी बॉक्स सेट त्या गणनेतल्या 1357 सालाच्या आसपासचं जग दाखवतो. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीचं 2001 सालचं ‘फरगॉटन रेल्म्स कॅम्पेन सेटिंग’ 1372 चं आहे. चौथ्या आवृत्तीने 2008 मध्ये एकदम शंभरेक वर्षांची उडी मारली: मध्ये 1385 साली स्पेलप्लेग नावाचा जादूचा प्रलय झाला, जादूची देवता मिस्ट्रा मारली गेली, काही देश नकाशावरूनच गेले आणि घड्याळ 1479 वर आलं. ही उडी पुष्कळ चाहत्यांना रुचली नाही. पाचव्या आवृत्तीत बरंच काही पूर्ववत करण्यात आलं, मिस्ट्राही परतली. ‘बाल्डर्स गेट 3’ घडतं 1492 मध्ये.

तेव्हा दुकानात जाण्याआधी टेबलावर एकच गोष्ट ठरवा: आपली कथा कोणत्या साली आणि कुठे घडणार? उत्तर ‘1372, कॉर्मिरच्या राजदरबारात’ असेल, तर 2001 चं 320 पानी पुस्तक आजही त्या कामाला सरस आहे. माझ्या मते एका पुठ्ठ्यात एवढं फेरून आधी किंवा नंतर कुणी बसवलेलं नाही. उलट 2015 चं ‘सोर्ड कोस्ट अ‍ॅडव्हेंचरर्स गाइड’ पाहा. पानं 160, त्यांतली बरीच खेळाडूंच्या वंश-वर्गांच्या पर्यायांवर खर्च झालेली, आणि वर्णन मुख्यतः पश्चिम किनारा आणि उत्तरेचं. बाकीच्या खंडाची बोळवण थोडक्यात झाली आहे. पुस्तक वाईट नाही, फक्त नावात ‘सोर्ड कोस्ट’ लिहिलेलं असतानाही लोक ते अख्ख्या जगाचं पुस्तक समजून विकत घेतात आणि मग चिडतात. 2025 मध्ये दोन नवी पुस्तकं आली, ‘हीरोज ऑफ फेरून’ खेळाडूंसाठी आणि ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन फेरून’ डंजन मास्टरसाठी. दुसऱ्यात डेललँड्स, आइसविंड डेल, कॅलिमशान, मूनशे बेटं आणि बाल्डर्स गेट या पाच ठिकाणांवर भर आहे. तुमची कथा तिथे असेल तर उत्तमच.

‘पण जुन्या आवृत्तीचे आकडे आजच्या नियमांत बसत नाहीत.’ ही शंका खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. सन 2000 च्या आधी चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, असा उलटा हिशेब होता. वार लागला की नाही हे थॅको नावाच्या आकड्यावरून काढावं लागे. ते गणित आज कुणी करू नये. सोर्सबुकमध्ये, म्हणजे सेटिंगच्या पुस्तकात, आकड्यांनी व्यापलेली जागा मात्र तुम्हाला वाटते त्यापेक्षा फार कमी असते. 1885 सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमधले बाजारभाव आज निरुपयोगी आहेत, म्हणून त्यातल्या घाटवाटा, नद्या आणि गावं खोटी ठरत नाहीत, तसंच हे.

नेव्हरविंटर शहराचं उदाहरण घेऊ. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या स्टार्टर सेटमधलं ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ हे साहस असंख्य टेबलांनी पहिलं म्हणून खेळलं आहे. ते सुरू होतं नेव्हरविंटरहून फँडालिन गावाकडे निघालेल्या बैलगाडीपासून. साहस संपल्यावर खेळाडू साहजिकच मोठ्या शहरात जाऊ म्हणतात आणि डंजन मास्टरकडे त्या शहराबद्दल सांगायला फारसं काही नसतं. नेमकं त्याच शहराचं, जेमतेम दशकभर आधीच्या काळाचं तपशीलवार पुस्तक 2011 मध्ये निघालेलं आहे: ‘नेव्हरविंटर कॅम्पेन सेटिंग’. आवृत्ती चौथी, म्हणजे अनेकांना नावडती, म्हणून कुणी हात लावत नाही. ज्वालामुखीने उद्ध्वस्त झालेलं शहर, वॉटरडीप शहरातून येऊन सत्ता बळकावून बसलेला डॅगल्ट नेव्हरेंबर, त्याच्याविरुद्ध उठलेले बंडखोर, सैतानपूजक आश्मदाई, थे देशाचे लाल जादूगार. प्रत्येकाला काय हवंय आणि ते कुणाच्या आड येतंय, हे पुस्तक सांगतं. शिवाय खेळाडूंच्या पात्रांना शहराच्या भांडणांत पहिल्या दिवसापासून गुंतवणाऱ्या पार्श्वभूमी त्यात आहेत. चौथ्या आवृत्तीचे आकडे बाजूला ठेवून त्या तशाच्या तशा वापरता येतात.

रूपांतर कसं करायचं? करायचंच नाही. जुन्या पुस्तकात ‘भाडोत्री सैनिकांचा नायक’ दिसला की आजच्या मॉन्स्टर मॅन्युअल या नियमपुस्तकातला तत्सम लढवय्या उचला आणि नाव, स्वभाव, हेतू जुन्या पुस्तकातला ठेवा. एकच गोष्ट जपा: जुन्या साहसांत जादूच्या वस्तूंची खैरात असते, ती आज निम्म्याहून खाली आणली नाही तर चौथ्या पातळीचे वीर ड्रॅगनला विचारीनासे होतात.

आता जो गैरसमज लोकांना डंजन मास्टर होण्यापासूनच परावृत्त करतो त्याकडे. ‘सगळं वाचल्याशिवाय रेल्म्स चालवता येत नाही, एखादा खेळाडू चूक काढेल.’ काढेलच. इंटरनेटवर तासाभरात वॉटरडीपच्या सरदारघराण्यांची यादी पाठ करून येणारे वीर प्रत्येक टेबलावर असतात. पण या सेटिंगच्या रचनेतच त्यावरचं उत्तर आहे. 1987 च्या बॉक्समध्ये नोंदींना एलमिन्स्टर या म्हाताऱ्या जादूगाराच्या टिपा जोडलेल्या आहेत, म्हणजे माहिती कुणाच्या तरी तोंडून आलेली. 1992 मध्ये सुरू झालेल्या ‘व्होलोज गाइड’ मालिकेने तर कमाल केली. ती लिहितो व्होलो नावाचा बढाईखोर प्रवासी; खानावळी, दारूचे गुत्ते, गल्लीबोळ यांची वर्णनं करतो, आणि एलमिन्स्टर त्याच्या चुका दाखवत जातो. छापील मजकूर चुकीचा असू शकतो हे प्रकाशकानेच मान्य केल्यावर तुम्ही कशाला घाबरता? खेळाडूने चूक काढली की म्हणायचं, ‘तू ऐकलंस ते व्होलोकडून ऐकलंस,’ आणि फासे टाकायचे. इतकंच नाही, पहिल्या बॉक्समध्ये सेम्बिया हा देश मुद्दाम डंजन मास्टरांसाठी मोकळा ठेवला होता. पुढच्या लेखकांनी त्यात लुडबुड केलीच, पण मूळ हेतू तो होता.

तपशिलाच्या हव्यासाचा एक नमुना सांगतो. 2001 च्या पुस्तकात वॉटरडीपची लोकसंख्या 1,32,661 दिली आहे. शेवटच्या माणसापर्यंत! खेळताना या आकड्याचा उपयोग शून्य. त्याच शहरातल्या एका खानावळीबद्दलचा व्होलोचा परिच्छेद अख्खी संध्याकाळ निभावून नेतो. पुस्तक चाळताना हीच कसोटी लावा: उघडलेल्या पानावर आज रात्री वापरता येईल असा माणूस, भांडण किंवा ठिकाण आहे का? पुस्तक किती जाड, हा प्रश्न मग उरत नाही.

कादंबऱ्या वाचाव्याच लागतात, हाही सल्ला मिळतो. आर. ए. साल्वाटोरेच्या ड्रिझ्टच्या कादंबऱ्या आवडत असतील तर जरूर वाचा. खेळ चालवण्यासाठी त्यांची गरज नाही. ‘कारा-टूर’ किंवा ‘अल-कादिम’ ही संच-पुस्तकं रेल्म्सचीच म्हणून घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ती फेरूनबाहेरच्या वेगळ्या प्रदेशांची आहेत. आशियाचं त्यातलं चित्रण आपल्याला जागोजागी खटकतं.

याउलट साहसांची पुस्तकं सोर्सबुक नव्हेत म्हणून टाळली जातात, तिथे नुकसान होतं. ‘स्टॉर्म किंग्ज थंडर’ (2016) मधल्या एका मोठ्या प्रकरणात उत्तरेतल्या गावा-किल्ल्यांची स्थळवार माहिती आणि प्रत्येक ठिकाणी घडू शकणारे प्रसंग आहेत. राक्षसांची मूळ कथा खेळली नाही तरी ते प्रकरण पुरेपूर वसूल होतं. ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ (2018) मध्येही शेवटी शहराची ओळख व्होलोच्याच लेखणीतून दिलेली आहे.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. जुनी पुस्तकं दुर्मीळ आणि महाग असतात, हे कागदी प्रतींपुरतं खरं. 2016 मध्ये सुरू झालेल्या डंजन मास्टर्स गिल्ड या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांची बहुतेक पुस्तकं पीडीएफ स्वरूपात विकत मिळतात, काही मागणीनुसार छापूनही. परदेशातून जाड पुस्तक मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरलं तर पीडीएफ पुष्कळ स्वस्त पडते. जुन्या बॉक्समधले नकाशे मात्र घडीचे आणि मोठे, ते पडद्यावर नीट वाचता येत नाहीत. तेवढे बाहेरून मोठ्या कागदावर छापून घ्या. पाचव्या आवृत्तीचं उलट आहे: तिची पुस्तकं डी अँड डी बियाँड या संकेतस्थळावर घेतली तर ती तिथेच वाचायची, पीडीएफ हाती येत नाही. फँडालिनपासून सुरुवात करणाऱ्या टेबलाला 2014 चा स्टार्टर सेट आणि नेव्हरविंटरचं 2011 चं पुस्तक एवढं वर्षभर सहज पुरतं. वॉटरडीपला जायची वेळ आली की मग व्होलो.