कायदा सरकारचा, पण उशाजवळचा मोबाईल कोणाचा?

परवा एक गृहस्थ आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाचे डोके दुखे, सकाळी उठवत नसे, वर्गात डुलक्या येत. डोळे तपासले, रक्त तपासले, सारे ठीक. मग वडिलांना बाहेर बसवून मी मुलाशी गप्पा मारल्या. सगळे झोपले की तो पांघरुणात मोबाईल पाहत असे. एका रात्री मारहाणीची भयंकर चित्रफीत समोर आली. तेव्हापासून तो झोपेत दचकत होता.

"घरी का नाही सांगितलंस?"

"पप्पा मोबाईल काढून घेतील."

मुलाला विचारूनच मी वडिलांच्या कानावर घातले. ते भडकले. "डॉक्टरसाहेब, सरकार हे सगळं बंद का करत नाही?"

"याचं खातं कोणी उघडून दिलं?" मी विचारले. ते गप्प झाले. जन्मसाल खोटे घालून खाते त्यांनीच उघडून दिले होते.

तरीही त्यांचा प्रश्न रास्त आहे. मुलाला खिळवून ठेवण्यासाठीच ज्या कंपन्या चित्रफितींची रांग लावतात, त्यांच्यापुढे एकटे आईबाप अपुरे पडतात. म्हणून कायदा हवाच. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. तिथे दंड कंपनीला होतो, पालकांना किंवा मुलांना नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरवली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अंमलबजावणीला कंपन्यांना मुदत दिली आहे.

पण पाहा, कायदाही शेवटी पालकांच्याच दारात येऊन उभा राहतो. आपणच न वाचता 'होय' म्हटले, तर कायदा काय करणार? आणि रात्री अकरा वाजता पांघरुणाखाली कोणताही सरकारी अधिकारी डोकावू शकत नाही.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. पडद्याच्या उजेडाने झोप आणणारे मेलॅटोनिन उशिरा स्रवते. म्हणून झोपण्याच्या तासभर आधी घरातले सर्व मोबाईल एका जागी ठेवावेत, आईवडिलांचेही. दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, तोही मोठ्यांच्या सोबतीने. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाने काही वाईट पाहिल्याचे सांगितले, तर त्याला रागावू नये. आज रागावलात, तर उद्या ते सांगणार नाही. कोणी मुलाला त्रास देत असेल, तर १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आहे.

एका घराला हे जड जाते, कारण शेजारची मुले मोबाईलवर असतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगावने यावर ऑगस्ट २०२२ मध्ये उपाय काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजला, की दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद! त्यासाठी दिल्लीचा कायदा लागला नाही.

त्या मुलाला मी औषध दिले नाही. वडिलांना मात्र दिले: रोज रात्री अर्धा तास मुलाजवळ बसायचे, स्वतःचा मोबाईल बाजूला ठेवून.